लाखांच्या रांगेला शंभर लाइनी

२१ मे २०२५ ची सकाळ मावळातल्या दहावी झालेल्या मुलांच्या घरांत अजून विसरली गेली नसेल. अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश त्या वर्षी पहिल्यांदाच सबंध राज्याला लागू झाले. तोवर ही पद्धत मुंबई महानगर प्रदेश, पुणे आणि पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्या शहरी भागांपुरती होती. वडगाव, तळेगाव, कामशेत, लोणावळ्याची मुले निकाल लागला की गुणपत्रिका घेऊन जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या खिडकीशी उभी राहात. आता खिडकी एकच, तीही पडद्यावरची, आणि तिच्यापुढे अख्खा महाराष्ट्र. १९ आणि २० मे हे दोन दिवस विद्यार्थ्यांच्या सरावासाठी दिले होते. २१ तारखेला सकाळी अकराला खरी नोंदणी सुरू व्हायची होती. अकरा वाजले आणि संकेतस्थळ बसले. नोंदणी पुढे गेली, ती २६ मेपासून.

पाच दिवसांनी असे काय मोठे बिघडले, असे शहरात बसून म्हणता येते. अंदर मावळातल्या किंवा नाणे मावळातल्या ज्या घरात संगणक नाही आणि फोनला अंगणाच्या एका कोपऱ्यातच रेंज येते, त्या घरातल्या बापाने त्या दिवशी मुलीला घेऊन कामशेतचे नाहीतर वडगावचे सायबर कॅफे गाठलेले असते. त्याचा दिवसाचा रोज बुडालेला असतो. कागदपत्रांची पिशवी पोटाशी धरून दोघे बाकावर बसलेले असतात, आणि संध्याकाळपर्यंत एकच उत्तर मिळते, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ प्रवेश गुणांवर होतात, आधी येणाऱ्याला आधी असे त्यात काही नसते, हे त्यांना कितीही सांगा. ज्याने आयुष्यभर रेशनच्या, रॉकेलच्या आणि एसटीच्या रांगा पाहिल्या, त्याचा त्यावर विश्वास कसा बसावा? मागे राहिलो तर माल संपतो, हाच त्याचा अनुभव.

‘सर्व्हर डाऊन’ हे आपल्याकडचे नवे ‘दैवात नव्हते’ झाले आहे. बँकेत, तलाठी कार्यालयात, रेल्वेच्या खिडकीवर ते ऐकले की माणूस मान हलवून परत फिरतो. पण हे कारण नाही, लक्षण आहे. ताप आला म्हटल्याने रोग कळत नाही. मलेरिया आहे, टायफॉइड आहे की नुसते ऊन लागले आहे, हे पाहावे लागते. आणि हे पाहायचे एक रीतसर शास्त्र आहे, पोटापाण्यासाठी मीही तेच करते, म्हणून आज हा विषय.

संकेतस्थळ लोकांना खुले करण्याआधी त्याच्यावर यंत्राने खोटी गर्दी सोडायची आणि ते कुठे मोडते ते पाहायचे, याला ‘लोड टेस्टिंग’ म्हणतात. मराठीत भार-चाचणी म्हणू. ‘लोड’ हा शब्द मुळात वीजवाल्यांचा, आणि लोणावळेकरांना तो नवा असायचे कारण नाही. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या टाटांच्या धरणांचे पाणी घाट उतरून खोपोलीच्या वीजघरात जाते, ते १९१५ पासून. मुंबईच्या गिरण्यांची मागणी कोणत्या वेळी किती चढेल, हे त्या लोकांनी यंत्रे बसवण्याआधी मोजले होते. संगणकाच्या जगात एवढे शहाणपण अजून सरसकट आलेले नाही.

तर संकेतस्थळ बसते म्हणजे नेमके काय होते? अशा बिघाडात मला सर्वांत जास्त वेळा भेटणारे कारण घेते. पडद्यावर दिसणारे पान ही दुकानाची दर्शनी बाजू. अर्ज, गुण, जागा, पैसे यांच्या नोंदी मागच्या कोठीत, म्हणजे डेटाबेसमध्ये असतात. दर्शनी बाजूला प्रत्येक वेळी काही विचारायचे किंवा लिहायचे झाले की कोठीशी जोडणी करावी लागते. याला ‘कनेक्शन’ म्हणतात, आणि त्यांची संख्या ठरलेली असते. पोस्टग्रेस नावाचा एक उत्तम, फुकट मिळणारा आणि जगभर वापरला जाणारा डेटाबेस आहे. त्यात कोणी मुद्दाम बदलले नाही तर ही संख्या १०० असते. शंभरावर एक जरी आला तरी तो चक्क इंग्रजीत दिलगिरी व्यक्त करून सांगतो की गिऱ्हाइके आधीच फार झाली आहेत. अर्ज भरणाऱ्या मुलीला मात्र ही दिलगिरी दिसत नाही. तिला दिसते फिरणारे चक्र, नाहीतर कोरे पान.

ज्यांनी ट्रंक कॉलचे दिवस पाहिले आहेत त्यांना हे चटकन समजेल. गावच्या एक्स्चेंजमधून मुंबईला जाणाऱ्या लाइनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. गावात फोन पन्नास असोत की पाचशे, एका वेळी बोलणार तेवढेच. बाकीच्यांनी कॉल बुक करून बसायचे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि फारच घाई असेल तर लाइटनिंग, असे दर. आता यात भर पडायची ती ‘पी.पी.’ नंबरांची. शेजारच्या वाण्याकडे फोन, तोच आपल्या कार्डावर ‘पी.पी.’ म्हणून छापलेला. मुंबईहून कॉल लागला की वाण्याचा पोरगा धावत वाड्यात जाणार, काकांना हाक मारणार, काका सदरा घालून, चपला शोधून येणार. तोवर ती लाइन अडकलेली. कोणी बोलत नाही, पण दुसऱ्या कोणाला ती मिळतही नाही. हा पी.पी. नंबर मी पुन्हा सांगणार आहे, तेव्हा तो लक्षात असू द्यावा.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या प्रवेश-संकेतस्थळाची भार-चाचणी आमच्याकडे आली. पहिल्या तासात सेकंदाला २०० अर्ज झेपले पाहिजेत, अशी अट होती. थोडी खोटी गर्दी सोडली, सगळे सुरळीत. वाढवत नेली आणि एका टप्प्यावर धडाधड चुका येऊ लागल्या. दर्शनी बाजूला चार यंत्रे होती. प्रत्येकाला कोठीकडच्या जास्तीत जास्त ३० जोडण्या आपल्याकडे राखून ठेवण्याची मुभा होती. जोडणी दर वेळी नव्याने करणे महाग पडते, ओळख पटवण्यातच वेळ जातो, म्हणून काही जोडण्या तयार ठेवून आळीपाळीने वापरतात. आमच्या धंद्यात या साठ्याला ‘पूल’ म्हणतात. इंद्रायणीवरचा नव्हे, इंग्रजीतला. चार यंत्रांचे तीस-तीस म्हणजे १२०, आणि कोठी देणार १००. हा गुणाकार कोणी केलाच नव्हता, कारण दर्शनी यंत्रे एकाने मांडली होती आणि कोठी दुसऱ्याने.

यावर बैठकीत जे सुचले ते दर वेळी सुचते. ‘शंभराचे पाचशे करा.’ केले. चुका थांबल्या आणि टाळ्या पडल्या. अर्ध्या तासाने सगळेच इतके मंदावले की एक पान उघडायला मिनिट लागू लागले. कारण साधे आहे. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणीमागे एक स्वतंत्र कारकून उभा राहतो आणि त्याला बसायला जागा लागते. त्या यंत्राची स्मृती पाचशे कारकुनांना पुरणारी नव्हती. मग ते एकमेकांची टेबले उचलून गोदामात ठेवू आणि परत आणू लागले. शिवाय यंत्रातली खरी कामकरी डोकी, म्हणजे प्रोसेसरचे गाभे, होती आठ. आठ माणसांच्या हापिसात पाचशे कारकून नेमले म्हणून काम वाढत नाही, गलका वाढतो.

तेव्हा संख्या वाढवण्याचा नाद सोडून, घेतलेल्या जोडण्या करतात तरी काय, हे पाहायला घेतले. डेटाबेस हे सांगतो. विचारणारा मात्र हवा. पाहिले तर शंभरातल्या ऐंशीहून जास्त जोडण्या काहीच करीत नव्हत्या. व्यवहार सुरू करून नुसत्या बसल्या होत्या. कशाची वाट पाहत? तर एसएमएसची. अर्ज नोंदवायचा, मग विद्यार्थ्याला ‘तुमचा अर्ज मिळाला’ असा संदेश पाठवायचा आणि तो गेल्याची पोच आल्यावर जोडणी सोडायची, असा क्रम लिहिणाऱ्याने लावला होता. संदेश पाठवणारी सेवा तिसऱ्याच कंपनीची, आणि गर्दीत तिला तीन-तीन सेकंद लागत. म्हणजे पुन्हा आपला पी.पी. नंबर! काका चपला शोधताहेत आणि ट्रंक लाइन अडली आहे.

इथे एक हिशेब आहे, तो शाळेतल्या मुलालाही करता येईल. एका जोडणीला एका अर्जामागे तीन सेकंद लागत असतील, तर शंभर जोडण्या सेकंदाला तेहतीसच अर्ज घेऊ शकतात. पाचशे केल्या तरी १६६. मागितले होते २००. म्हणजे यंत्राची स्मृती पुरली असती तरी ते गणित जमणारे नव्हतेच. क्रम बदलला, अर्ज नोंदवायचा, जोडणी लगेच सोडायची आणि संदेश मागाहून सावकाश पाठवायचा. प्रत्येक अर्जामागे जोडणी अडण्याचा वेळ तीन सेकंदांवरून सेकंदाच्या पंचविसाव्या भागावर आला. मग जोडण्या वाढवण्याऐवजी कमी केल्या, एकूण चाळीस. संस्थेचे लोक हबकलेच. पण चाळीस गुणिले पंचवीस म्हणजे कागदावर सेकंदाला हजार. प्रत्यक्षात त्याहून कमी निघाले, तरी दोनशेच्या कितीतरी पुढे. नवे यंत्र घेतले नाही, की एक पैसाही खर्च झाला नाही.

हा हिशेब माझा नाही. १९६१ साली जॉन लिटल यांनी तो रीतसर सिद्ध केला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आत असलेल्यांची संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. त्याच्याही आधी, १९०९ साली, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या अर्लांग नावाच्या गणितज्ञाने इतक्या गिऱ्हाइकांना किती लाइनी लागतील, याचे शास्त्र मांडायला घेतले होते. दूरध्वनीच्या वाहतुकीचे एकक आजही त्याच्या नावाने मोजतात. शंभर वर्षांहून जुने हे ज्ञान आहे. ‘इतकी गर्दी होईल असे वाटले नव्हते’ हे वाक्य पत्रकार परिषदेत ऐकले की मला म्हणून गंमत वाटते. दहावीला किती मुले बसली हे ज्या खात्याला एकेका आकड्यापर्यंत ठाऊक असते, त्याला गर्दीचा अंदाज नसावा?

‘आणखी सर्व्हर लावले’ हेही असेच एक समाधान. आज यंत्रे तासाच्या भाड्याने मिळतात, चाराची चाळीस करता येतात. पण ती दर्शनी यंत्रे. कोठी बहुधा एकच राहते, आणि चाळीस यंत्रे तिच्या दारावर दहापट जोराने थापा मारू लागतात. घाटातल्या द्रुतगती मार्गावर सलग सुट्ट्यांना अडकलेल्यांना हे समजावण्याची गरज नाही. सहा पदरी द्रुतगती मार्ग आणि चार पदरी जुना महामार्ग आडोशी बोगदा ते खंडाळा या टप्प्यात एकत्र येत. दहा पदरांची वाहने सहा पदरांत. अलीकडे-पलीकडे रस्ता कितीही रुंद केला असता तरी तिथली कोंडी सुटली नसती. शेवटी त्याच टप्प्याला वळसा घालणारा १३ किलोमीटरचा नवा मार्ग काढण्याचे काम हाती घ्यावे लागले. कोंडी कुठे आहे ते आधी शोधायचे, पैसे मग तिथेच घालायचे. चाचणीचे सारे काम एवढेच.

चाचणीतही प्रामाणिकपणा लागतो, कारण तिथेही परीक्षार्थीच पेपर काढतो. कोठीत खऱ्या पंधरा लाख नोंदींच्या जागी दोनशे नोंदी घालून घेतलेली चाचणी नेहमीच उत्तम जाते. एकाच विद्यार्थ्याचा अर्ज हजार वेळा भरून पाहिला तरी उत्तम जाते, कारण यंत्राला उत्तर पाठ झालेले असते. कधी उलटही होते. खोटी गर्दी सोडणारे यंत्रच दमते आणि दोष संकेतस्थळाला लागतो. रात्री गर्दी नसताना निजलेल्या जोडण्या मधला सुरक्षा-पहारेकरी गुपचूप तोडून टाकतो; साठ्याला ते कळलेले नसते आणि सकाळी पहिल्यांदा येणाऱ्यांच्या माथी चुका येतात. आणि खरी माणसे यंत्रासारखी शांत बसत नाहीत. पान उघडले नाही की ती पुन्हा पुन्हा बटण दाबतात, भावाच्या फोनवरूनही उघडून पाहतात. एकाचे पाच होतात. चाचणीत हा अधीरपणा धरला नसेल तर ती चाचणी कोणा भलत्याच देशातल्या लोकांची झाली, असे समजावे.

आणि चाचणी नापास झाली तर? अमेरिकेत आरोग्यविम्याचे सरकारी संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ ला उघडले. काही दिवस आधीच्या चाचणीत ते काही शेकडो लोकांच्या भारालाही टिकले नव्हते. तारीख राजकीय होती, ती हलली नाही. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण करू शकलेली माणसे निघाली सहा. आपणच मागास आहोत असे वाटणाऱ्यांनी हे जरूर आठवावे. पण त्या देशात या प्रकाराची कागदपत्रे लोकांसमोर आली, चौकशीत साक्षी झाल्या, हेही आठवावे.

आपल्याकडे १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल होता. करोनामुळे परीक्षाच झाली नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावलेला, विद्यार्थी पंधरा लाखांच्या वर. दुपारी एक वाजता निकाल जाहीर झाला आणि मंडळाची संकेतस्थळे तासन् तास ठप्प झाली. शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी दिलगिरी व्यक्त केली. त्या वेळीही मला वाटले होते की हा प्रश्न प्रवेशापेक्षा फार सोपा आहे. प्रवेशात प्रत्येक जण काहीतरी लिहितो. निकाल नुसता वाचायचा असतो, आणि एकदा लागला की तो त्या दिवशी बदलत नाही. मग दर वेळी कोठी उघडायचीच कशाला? पूर्वी मॅट्रिकचा निकाल वर्तमानपत्रात छापून येई; नंबर शोधायला कोणी मंडळाचे कपाट उघडायला लावत नसे. तसेच प्रत्येक विद्यार्थ्याचे एक तयार पान आदल्या रात्री करून ठेवावे आणि ते देशभरच्या अनेक यंत्रांवर वाटून टाकावे. डेटाबेसचा प्रश्नच उरत नाही. अलीकडच्या वर्षांत मंडळ अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवर निकाल देऊ लागले आहे, त्यामुळे भार विभागतो, हे चांगलेच झाले.

मावळात राहून भाराविषयी लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. १५ जून २०२५ च्या रविवारी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चार माणसे गेली. संकेतस्थळ बसल्याने कोणाचा जीव जात नाही. ही तुलना सैल हाताने करू नये. पण पुलाला किती भार सोसतो हे कोणीतरी काढलेले असावे आणि ते त्यावरून जाणाऱ्याला कळावे, हा आग्रह आता सर्वांना पटतो. लिफ्टमध्ये ‘सहा माणसे’ अशी पाटी असते. सरकारी संकेतस्थळांना ती का नसावी? कोणत्या तारखेला चाचणी घेतली, सेकंदाला किती अर्ज झेपले, कितव्या अर्जाला पहिली चूक आली, एवढे तीन आकडे नोंदणी सुरू होण्याच्या आठ दिवस आधी जाहीर करावेत. कंत्राटाच्या अटींत हे घालायला कायदा लागत नाही. मुलांना दोन दिवस सराव करायला लावता, तर यंत्राच्या सरावाचा निकालही मुलांना दाखवा.

आणि तोवर एक बिनखर्ची उपाय आहे. रेल्वेने २०१४ साली तिकिटांची क्षमता मिनिटाला २,००० वरून ७,२०० वर नेली, तरीही २०१५ मध्ये तत्काळची वेळ विभागलीच: वातानुकूलित डब्यांना सकाळी दहा, बाकीच्यांना अकरा. अकरावीच्या पहिल्या दिवशी सबंध राज्याला अकराचाच ठोका कशाला? कोकणाला नऊ, पुणे विभागाला अकरा, विदर्भाला एक, असे तीन दिवस ठेवावे आणि चौथ्या दिवसापासून सर्वांना मोकळे. खांडीच्या किंवा सावळ्याच्या बापाला आदल्या दिवशीच कळेल की आपली पाळी किती वाजता आहे, आणि कामशेतची कोणती एसटी धरायची.